सामानापाशी गीताबाई

गीताबाई, जयभीम.

तुम्ही फोनवर म्हणालात, "माझ्यावर काय लिहिता जी, मी काय केलं?" काही केलं नाही, हे खरंच आहे. ज्यांनी पुष्कळ केलं त्यांची चरित्रं वाचून माझे डोळे गेले. तेव्हा गप्प बसा आणि ऐका. तुमचं तुमच्या तोंडावर सांगायला गेलं तर तुम्ही दर वाक्याला "नाही बाप्पा" म्हणणार, म्हणून ही दुसऱ्याच बाईची गोष्ट समजा. मीही तीत शेजारची हेमलताबाई म्हणूनच येईन.

तर गीताबाई सामानापाशी बसत. लग्न होऊन भंडाऱ्याहून जबलपूरला आल्या, त्या दिवशी लक्ष्मणराव स्टेशनावर हमाल शोधायला गेले आणि गीताबाई ट्रंकेवर बसल्या. तेव्हापासून ते खातं त्यांच्याकडेच राहिलं. पाहुणे आले की सगळे भेडाघाटला नावेत बसून संगमरवराचे कडे बघून येत; गीताबाई काठावर चपला आणि डबे राखत. नर्मदेच्या ग्वारीघाटावर मात्र त्या पायरीवर बसून माशांना कणकेच्या गोळ्या टाकत. मासे वर येत, तोंड उघडत, गोळी घेऊन बुडत.

"नुसती तोंडं पाहून राहिली मी," त्या म्हणत. "अख्खा जिता मासा काही दिसला नाही."

लक्ष्मणराव संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर. रिटायर होण्याआधीची शेवटची एलटीसी, म्हणजे सरकारी खर्चानं फिरायची सोय, अंदमानला लावायचं ठरलं. लग्न झालेल्या ज्योतीनं, त्यांच्या मुलीनं, मोबाइलवर नील बेटाचा एक किनारा दाखवला. उथळ, लाटा नाहीत, लेकराबाळांना चालेल असा. डोळ्या-नाकावर बसणारी काच आणि तोंडात नळी लावून पाण्यात पालथं पडायचं. खाली मासे, पोवळी, नशीब असेल तर कासव. गीताबाईंनी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला, ज्योतीचा एक सलवार-कुर्ता मागून घेतला आणि हेमलताबाईंकडे येऊन जाहीर केलं, "मी पालथी पडणार आहे."

"पडा की," हेमलताबाई म्हणाल्या. "पण सामान?"

प्रश्न खराच होता. एलटीसीच्या बिलाला विमानाचे बोर्डिंग पास जोडावे लागतात. लक्ष्मणरावांच्या सेक्शनमध्ये एकाचा पास हरवला होता. त्याचं नाव अजून लोक मयतासारखं घेत. म्हणून पास प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी रेग्झिनच्या बॅगेत. बॅग हॉटेलवर ठेवायची नाही, कारण हॉटेलवाल्याचा काय भरोसा? त्यामुळे बॅग समुद्रावर आली, आणि बॅगेपाशी गीताबाई.

पाणी इतकं शांत होतं की लक्ष्मणरावांना फसवल्यासारखं वाटलं. तेवढ्यात त्यांचं लक्ष सलवार-कुर्त्यातल्या बायकोकडे गेलं.

"हे काहून घातलं?"

"पाण्यात जाऊन राहिली ना मी."

"अन् बॅग?"

"तुम्ही बसा."

लक्ष्मणरावांनी मागे वळून पाहिलं, ती दुसऱ्या कुणाला म्हणतेय का म्हणून. "आधी मी पाहून येतो. धोका असला तर तुले सांगतो."

गाइड एकेका माणसाला रबरी चाकाला धरून नेत होता. त्यानं आधीच सांगितलं, "पानी उतरने वाला है, जल्दी करना. बाद में कोई नहीं जाएगा." लक्ष्मणराव गेले आणि खोकत परत आले. पुन्हा गेले, पुन्हा खोकत आले.

"अंकलजी, मूंछ से पानी घुस रहा है. काटनी पड़ेगी."

मिशी नोकरीत लागल्यापासूनची होती. लक्ष्मणराव गुडघाभर पाण्यात उभे राहून गाइडशी वाद घालू लागले, काच चांगल्या मापाची बनवायला काय लागतं ते सांगू लागले. वाळू ओली सोडून पाणी मागे सरकत होतं. गीताबाईंनी ते थोडा वेळ बघितलं. मग उठल्या, बॅग घेऊन पाण्यात गेल्या, तिचा पट्टा नवऱ्याच्या गळ्यात अडकवला आणि म्हणाल्या, "भैया, मुझे ले चलो. मेरी मूंछ नहीं है."

लक्ष्मणरावांना बॅग भिजवून चालणार नव्हती. ती डोक्यावर धरून ते तिथेच उभे राहिले. येणारेजाणारे त्यांना नारळवाला समजून भाव विचारत होते.

गीताबाईंनी अख्खे मासे पाहिले, शेपटीपर्यंत. कासवही पाहिलं. जबलपूरला परत आल्यावर हेमलताबाईंना सांगितलं ते इतकंच: "गवत चरून राहिलं होतं, आमच्या भंडाऱ्याच्या म्हशीसारखं. माझ्याकडे पाहिलंही नाही. मग निघून गेलं. पोहता आलं असतं तर गेली असती मी त्याच्या मागं." आणि लगेच म्हणाल्या, "सदर बाजाराकडे तलावात पोहायचं शिकवतात म्हणे. आपल्या वयाच्या बाईला घेतात का, विचारून येऊ? एकटीला लाज वाटते जी. तुम्ही शिकलेल्या आहात."

"मंगळवारी जाऊ," हेमलताबाई म्हणाल्या.

मंगळवारी पाहुणे आले. मग तलाव दुरुस्तीला बंद झाला, मग हेमलताबाईंचा गुडघा गेला, मग लक्ष्मणराव रिटायर होऊन दोघं सिहोऱ्याला मुलाकडे राहायला गेले. फोनवर गीताबाई अजून विचारतात, "गेल्या होत्या का जी?"

हेमलताबाई म्हणतात, "मी एकटी जाऊन काय विचारू? मला थोडंच पोहायचं आहे!"