न फुटलेला ळ

हे मी अजून कुणाला बोललेलो नाही. भरतला नाही, घरात नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मला ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ अशी सुरुवात करायची सवय. पत्रकं लिहून लिहून लागलेली. त्या सुरुवातीनं समोर गर्दी उभी राहते, आणि गर्दीत लपायला बरं पडतं. आज गर्दी नको. तुम्ही एकटेच बसा इथं.

कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं काढतोय. पाणीपट्टीवर काढलं, बसभाड्यावर काढलं, इंग्रजीतून येणाऱ्या सरकारी कागदांवर तर किती काढली! गावोगावच्या संस्थांत कॉम्प्युटर येणार अशी बोलवा उठली, तेव्हा माझा मथळा होता — ‘ज्या यंत्राला मराठी येत नाही, त्याला गावात पाय ठेवू देऊ नका!’ तो भिंतींवर रंगवला नसीमाच्या वडिलांनी — जिला आधी सांगायला हवं होतं, ती नसीमा. ते पाट्या रंगवणारे पेंटर. कोल्हापुरातल्या कितीतरी दुकानांवर त्यांचंच अक्षर आहे. हे लक्षात ठेवा. मला ते विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

मग मी त्याच यंत्राच्या धंद्यात कसा शिरलो? माझ्या मित्रानं, भरतनं ओढलं. राजारामपुरीत त्याच्या वडिलांचं पाइपांचं दुकान, वर माडीवर एक खोली, एक मशीन, तीन खुर्च्या. भरत, नसीमा आणि मी — एवढीच आमची कंपनी. पहिल्या दिवशी जिना चढून गेलो तर भरत म्हणाला, “या, पत्रकवाले! आता निषेध कुणाचा, स्वतःचाच काय?” नसीमा मान वर न करता म्हणाली, “असू दे रे. याचा मथळा वाचूनच मी हे शिकायला लागले. यंत्राला मराठी येत नाही म्हणतोय ना? येईल.”

माझ्या मथळ्यांना टाळ्या पुष्कळ मिळाल्यात. मथळा वाचून कुणी कामाला लागलं, असं तेवढं एकदाच झालं.

कागलकडच्या एका दूध संस्थेचं काम मिळालं. कुणी किती दूध घातलं, सकाळी किती, संध्याकाळी किती, त्याचा कागद छापून द्यायचा. प्रश्न होता — प्रोग्रॅम कशात लिहायचा, हत्यार कुठलं घ्यायचं? तिघांच्या कंपनीला दोन हत्यारं झेपत नाहीत. एक घ्यायचं, त्यातच पुढची सगळी कामं करायची, आणि ज्याला ते येतं त्याच्या मागून बाकीच्यांनी चालायचं. एक होतं डेटाबेसचं तयार पॅकेज. चार ओळी लिहिल्या की याद्या, बेरजा, छापील कागद, सगळं तयार. पण सगळं इंग्रजीत. ते मला येत होतं. दुसरी ‘सी’ भाषा. तिच्यात सगळं आपणच घडवायचं, पण पडद्यावरचा ठिपका न् ठिपका आपल्या हातात. नसीमानं त्या ठिपक्यांतून मराठी अक्षरं उभी केली. चौकटींच्या कागदावर, वडिलांना शेजारी बसवून. ‘ळ’ तिला जमेना. शेवटी वडिलांनीच पेन्सिल घेतली आणि काढून दिला. पाट्यांवर काढतात तसाच, दोन भरदार गोलांचा, जरा ऐटीतला.

नियम मी काढला. मीच! आपल्या हत्याराची साक्ष आपण द्यायची नाही, दुसऱ्यानं द्यायची. किती न्यायाचं वाटतं ना ऐकायला? तिनं माझं पॅकेज तपासायचं, मी तिची फ्लॉपी कागलला नेऊन संस्थेच्या मशीनवर चालवून बघायची. तिनं तपासलं आणि सरळ सांगितलं, “चांगलंय रे. मला आठवडा लागला ते यात दुपारभरात झालं.” स्वतःच्या विरोधात जाणारं वाक्य — पण खरं होतं, म्हणून बोलून मोकळी झाली.

मग माझ्या हातात फ्लॉपी देताना म्हणाली, “एकच भीती आहे. त्यांच्या मशीनमधलं पडद्याचं कार्ड वेगळं असलं तर अक्षरं फुटतील, नुसते ठिपके दिसतील. नीट बघ हं.”

मी नीट बघितलं.

संस्थेच्या खोलीत दुधाचा आंबूस वास. मशीनवर प्लास्टिकचं कव्हर. सेक्रेटरी दारात उभे आणि त्यांच्या मागं किटल्या घेऊन आलेली माणसं. फ्लॉपी घातली, बटण दाबलं, आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. सकाळ. संध्याकाळ. खाली नावं. दारातली माणसं पुढं सरकली. हौसाबाई म्हणून एक म्हातारी होती, साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलेली. ती काचेला बोट लावून वाचायला लागली — “हौ… सा… बाई. व्हय, मीच की ही!” मग सेक्रेटरींकडं वळून म्हणाली, “आता माझं माप चोरायचं असंल तर मराठीत चोरा. मी वाचणार हाय.” सगळे हसले. सेक्रेटरीही हसले. “घ्या पावणं, म्हातारी आता आमच्यावर पाळत ठेवणार!”

माझा मथळा खरा झाला होता. माझ्या डोळ्यांसमोर.

आणि मला काय वाटलं? आनंद? — नाही. मला वाटलं, आता ही पुढं जाणार. ‘सी’ मला येत नव्हती. पुस्तक उघडून बसायचो आणि भरतला सांगायचो, समजतंय की. काही समजत नव्हतं. आता मला तिच्या शेजारी खुर्ची ओढून, वही घेऊन, शिकायला बसावं लागणार होतं. ती मला आवडत होती का? होती. तिच्या शेजारी बसावं असं रोज वाटायचं. पण तसं नाही. खालच्या पायरीवर नाही. जन्मभर दुसऱ्यांना जाब विचारत आलेला माणूस — त्यानं विचारायचं, हे कसं करतात गं?

परतीच्या एसटीत मी खोटं रचलं. पत्रक रचतो तसंच. आधी मथळा, मग दोन ठोस तपशील, शेवटी लोकांची नाराजी. माडीवर गेलो आणि म्हटलं, अक्षरं फुटतात. कार्ड वेगळं आहे. लोक हसले.

तिनं माझ्यापाशी बोलून दाखवलेली भीती मी तिलाच बातमी म्हणून परत दिली. यापेक्षा सोपी चोरी कुठली असेल?

तिनं एवढंच विचारलं, “कुठलं अक्षर जास्त फुटलं?”

मी म्हटलं — ळ.

का ळ? मला तरी कुठं माहीत. माझ्या तोंडून तोच आला. पुढचे कितीतरी दिवस ती तो ळ खोडत होती आणि पुन्हा काढत होती. काहीही न बिघडलेलं अक्षर दुरुस्त करत बसली होती आणि मी तिच्या समोरच्या खुर्चीवर बसून ते बघत होतो. “पुन्हा एकदा नेशील का?” तिनं विचारलं. मी म्हटलं, संस्थेला वेळ नाही.

भरतनं पॅकेज म्हटलं. नसीमानंही पॅकेजलाच हात वर केला. मग जिना उतरताना मला म्हणाली, “माझ्यामुळं तुला चार लोकांत खाली बघावं लागलं. सॉरी हं.”

मी म्हटलं, “चालतंय.”

पॅकेज बसवायला मीच कागलला गेलो. हौसाबाईनं इंग्रजी कागद उलटसुलट करून बघितला. “पावणं, ती मराठीची चकती आणली न्हाय व्हय?”

“अजून जमत नाही, मावशी.”

“असं कसं? त्या दिशी जमलंतं की.”

मी प्रिंटरचा कागद सरळ करत राहिलो.

नसीमानं पुढं कंपनी सोडली. लग्न होऊन हुबळीला गेली, तिथं क्लासमध्ये शिकवते, असं भरत सांगतो. ती तिसरी खुर्ची अजून माडीवर आहे. तिच्यावर आम्ही कोरे कागद ठेवतो. संस्थेचे कागद अजून इंग्रजीतच निघतात, माझ्याच प्रोग्रॅममधून, आणि मी अजून मराठीवर पत्रकं लिहितो. लोक वाचतात. टाळ्याही वाजवतात.

संध्याकाळी मी उगाच लांबून, गुळाच्या दुकानांवरून घरी जातो. पाट्यांवर तिच्या वडिलांचं अक्षर आहे. रंग उडत चाललाय, पण ळ अजून तसाच ऐटीत आहे. तो बघत उभा राहतो. काळ्या काचेवरचा तो हिरवा उजेड मला पुन्हा एकदा बघायचा असतो. तिला शेजारी घेऊन. तिनं तो कधी तिथं बघितलाच नाही. बघितला तो मीच.

त्या दिवशी कागलला तिचा ळ फुटला नव्हता. पहिल्या झटक्यात उमटला होता. सकाळ. संध्याकाळ. दोन्हीत.