मेजरांनी मोजलेला रस्ता

जोतीराम फौजेतनं हवालदार म्हणून निवृत्त झाला, पण आमच्याकडं फौजेतनं आलेला माणूस सरसकट मेजरच. कडेगावच्या अलीकडच्या फाट्यावर त्याला सगळे मेजरच म्हणत. वागणंही तसंच. घड्याळ पाच मिनिटं पुढं, आणि खोटं बोलायची वेळ आली की गडी घाम पुसायला लागायचा.

या फाट्यावर एक मोठं काम निघालं. पुढं मंगल कार्यालय, त्याला लागून दुकानं, मागं दीडशे फ्लॅट. नकाशात त्याचं गेट नेमकं दूध संकलन केंद्रासमोर काढलेलं. तिथंच मेजरची बायको बनुबाई सकाळ-संध्याकाळ दुधाची किटली घेऊन रस्ता ओलांडायची. मागच्या वर्षी एका मोटरसायकलवाल्यानं तिला तिथंच आडवी केली होती. गुडघा दुखावला तो दुखावलाच, वर मनात भीती बसली. तेव्हापासनं मेजर तिला हाताला धरून पलीकडं पोचवायचा. आता तिथंच गेट झालं तर सगळं वऱ्हाड तिच्या अंगावर वळणार. गेट मागच्या रस्त्याला न्यावं, एवढंच त्याचं म्हणणं.

वाहतुकीचा अभ्यास करायला सांगलीहून संयोगिता नावाच्या इंजिनिअरबाई आल्या. म्हणाल्या, "दोन दिवस गाड्या मोजू, रस्ता ओलांडणारी माणसंही मोजू. आकडा भरला तर गेट हलवायला सांगता येईल." मोजायला भरवशाचा माणूस पाहिजे होता. लोकांनी मेजरकडं बोट दाखवलं.

तिथंच घोळ झाला. ट्रॅक्टरवाल्या बाळासोनं गावभर सांगितलं, "गड्यांनो, आकडा फुगवायचा. लिवणारा मेजर आपलाच हाय." झालं, सकाळपासनं रस्त्यावर जत्रा. बाळासो रिकामा ट्रॅक्टर घेऊन सात वेळा गेला, दर खेपेला मेजरला हात करून. अर्जुनानं आज्जीला मोटरसायकलवर बसवून उगाच फिरवली. म्हातारी लय खूश. मेंढपाळ धुळानं तर मेंढरं तीनदा रस्त्यापार नेली. कागदावर मेंढरांचा रकानाच नव्हता, पण त्याला कोण सांगणार?

आणि बनुबाई? शेजारच्या सुनेला धरून, दोनदा दुधाची आणि बाकी नुसती रिकामी किटली घेऊन, जीव मुठीत धरून ती अकरा वेळा रस्ता ओलांडून गेली.

मेजरची पेन्सिल थबकली. अकरा रेघा मारल्या तर तिच्याच जिवाचा घोर मिटणार होता. पण हात काही वळेना. त्यानं दोन रेघा मारल्या आणि समासात लिहिलं, 'उरलेल्या नऊ खेपा कामाशिवाय. माझी पत्नी.' बाळासोच्या खेपांचंही तसंच लिहिलं.

आकडा कमी पडला. गेट जाग्यावरच राहणार असं कळल्यावर बाळासो चारचौघांत म्हणाला, "मेजर, देशाची राखण केलीसा, घरची मातूर वाऱ्यावर सोडलीसा." बनुबाई तीन दिवस नुसती भाकरी पुढं सरकवायची. चौथ्या दिवशी म्हणाली, "आवं, नऊ रेघांनी काय फौजेतलं नाव बुडत हुतं तुमचं?" मेजरला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्यानं सांगली गाठली. संयोगिताबाईंना म्हणाला, "बाई, मोजणी खरी हाय, पण महिना चुकला. भादव्यात आमचा रस्ता मोकळाच असतो. कारखान्याचं गाळप सुरू झालं की या. एकेका ट्रॅक्टरला उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या असत्यात. तवा कुणाला फुकट फिरायला सवड न्हाई."

बाईंनी त्याचा जुना कागद काढला, समास वाचला आणि हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "बायकोच्या नऊ खेपा ज्यानं सोडून दिल्या, त्याचं ऐकायलाच पाहिजे."

डिसेंबरात पुन्हा मोजणी झाली. मेजरला पाणी प्यायला फुरसत नव्हती. वळताना मागची ट्रॉली पार केंद्राच्या पायरीला घासून जायची, ते बाईंनी स्वतः उभं राहून पाहिलं. बाळासो तीनदा गेला, तिन्ही वेळा ऊस भरून. त्याच्या तिन्ही रेघा पडल्या. अहवाल गेला, गेट मागच्या रस्त्याला गेलं, आणि केंद्रासमोर गतिरोधक अन् पांढरे पट्टे आले. खर्च बांधणाऱ्यानंच केला.

पट्टे वाळले त्या सकाळी मेजर नेहमीसारखा उठला, तर बनुबाई म्हणाली, "बसा की. मी जाते माझी." ती पट्ट्यांपाशी उभी राहिली. उसाचा ट्रॅक्टर गतिरोधकापाशी हळू झाला आणि थांबला. ती न घाबरता, किटली सावरत पलीकडं गेली.

मेजर कट्ट्यावरनं बघत होता. त्याला समाधान वाटलं, आणि खरं सांगायचं तर जरा चुकल्यासारखंही वाटलं. इतके दिवस रोज दोनदा भर रस्त्यात बायकोचा हात धरायला मिळत होता. आता कुठलं निमित्त काढायचं?

संध्याकाळच्या दुधाच्या वेळेला त्यानं काही विचारलंच नाही, सरळ चपला घातल्या. बनुबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि किटली दुसऱ्या हातात घेतली.