अक्काबरोबर दुधनीपर्यंत

अक्काला साखर निघाली त्या दिवशी ती डॉक्टरांकडून थेट माझ्याकडे आली आणि म्हणाली, "गुळाची शेंगापोळी आहे का गं घरात?"

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही दुधनीच्या. घरात कानडी, शाळेत आणि बाजारात मराठी, अशा दोन भाषांत वाढलो. लग्नानंतर दोघी सोलापूरला आलो आणि पुढं जुळे सोलापूर भागात शेजारशेजारच्या इमारतींत फ्लॅट घेतले. ती बँकेत अधिकारी होती, मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. भावजी, म्हणजे अक्काचे यजमान, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. रोज गाडीनं जाऊन-येऊन नोकरी करायचे. मुलगी पुण्यात नोकरीला.

मी घाबरून विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"खाणं कमी करा म्हणाले. आता सांग, मी खाणं कमी केलं तर उरते काय माझ्यात?" ती हसली. पोळी मात्र तिनं अर्धीच खाल्ली, उरलेली माझ्या ताटात सरकवली. "खाणं सुटायचं नाही. फिरणंही सोडायचं नाही. मग घाम गाळावा लागेल की! उद्या पहाटे खाली ये."

पहाट म्हणजे माझ्यासाठी कणीक, दोन डबे आणि मुलाची शाळेची रिक्षा. मी तसं सांगितलंही. ती म्हणाली, "कणीक भिजवून ये. चालून येईस्तोवर मुरेल."

असं सुरू झालं. आधी विजापूर रोडनं चालणं, मग थोडं चालणं थोडं पळणं, आणि वर्षाच्या आत दोघींनी गिअरच्या सायकली घेतल्या. चाळिशी ओलांडलेल्या दोन बायका हेल्मेट घालून निघाल्या की वॉचमन आधी तोंड फिरवून हसायचा. नंतर तोच चाकातली हवा बघून ठेवायला लागला.

हे सगळं काही सुरळीत जमत होतं असं नाही. मार्चमध्ये बँकेतून यायला तिला उशीर व्हायचा. माझे पेपर तपासायचे असले की आठवडाच्या आठवडा सायकल भिंतीला टेकून राहायची. एकदा सासूबाई आजारी, मुलाची परीक्षा आणि माझी पाठ, तिन्ही एकदम आलं. मी म्हटलं, "अक्का, मला नाही जमत हे. माझं सोड." ती स्वयंपाकघरात शिरली, भाकऱ्या थापायला बसली आणि म्हणाली, "तू जा, फिरून ये. आज मी थापते." तिची भाकरी माझ्यापेक्षा पातळ आणि मोठी व्हायची. मी परत आले तेव्हा टोपलं भरलेलं होतं आणि सासूबाई उशीला टेकून अक्काशी गप्पा मारत होत्या.

रविवार आमचा. सायकल चालवायची ती कुठंतरी जाऊन खायलाच, असा अक्काचा नियम होता. आणि लांबचं ठिकाण नेहमी दुधनी, अव्वाकडं; येताना सायकली घेऊन रेल्वेनं. अव्वा म्हणजे आमची आई. पहिल्यांदा आम्ही सायकलवरून दुधनीत पोचलो तेव्हा अव्वा दारात उभी राहून बघतच राहिली. पाठीमागं कुणाची गाडी येतेय का, म्हणून तिनं रस्त्याकडंही बघितलं.

"बस बंद झाल्या काय?" तिनं विचारलं.

"न्हाय गं अव्वा, हौस म्हणून आलो."

"हौस म्हणं! पाय बघा की कशे लटपटायलेत. बा, ऊट माडु." ये, जेव. हे शेवटचं वाक्य तिचं कायमचं. घरात कुणीही आलं तरी आधी तेच.

त्या दिवशी भरल्या वांग्याची येण्णगाई होती, ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर. अक्कानं हुग्गी वाटीच्या तळाशी येईल एवढीच घेतली आणि ती इतक्या सावकाश खाल्ली, की अव्वाला वाटलं बिघडली आहे.

मग आम्ही विजापूर गाठलं. एका दिवसात शंभर किलोमीटर, हे सायकलवाल्यांत मानाचं. ज्या सायकल ग्रुपबरोबर निघालो, त्यातली माणसं केव्हाच पुढं निघून गेली. आम्ही दोघी भीमेच्या पुलावर थांबून पेरू खात बसलो. तरीही दुपारपर्यंत पोचलो. गोल घुमटाच्या वरच्या सज्जात भिंतीशी हळू बोललं तरी समोरच्या बाजूला ऐकू जातं. मी पलीकडे जाऊन कान लावला. अक्का भिंतीला तोंड लावून कानडीत पुटपुटली, "हसिवु आगेद." भूक लागली. मी उत्तर देणार, तेवढ्यात मधेच बसलेला कुणीतरी अनोळखी माणूस भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "नमगू आगेद!" आम्हालाही! सगळा घुमट हसला. अक्का तर खालीच बसली हसून हसून. मग त्या माणसाच्या कुटुंबासोबतच आम्ही खानावळीत जेवलो.

त्यानंतर तिच्या डोक्यात हंपी बसलं. तीन दिवसांत सायकलनं जायचं, तिथं दोन दिवस राहायचं, रेल्वेनं परत. दोघींची रजा मंजूर झाली. भावजी म्हणाले, "जा बाबांनो. माझा चहा मी करून घेईन." ते मूळचे बार्शीकडचे. इतकी वर्षं आमच्या दोघींची कानडी ऐकूनही त्यांना ओ की ठो कळत नसे, आणि त्याची त्यांना गंमतच वाटायची.

निघायला आठवडा उरला होता. दुपारी वर्गात असताना फोन आला. अक्का बँकेत एका म्हाताऱ्या ग्राहकाशी बोलत होती. बोलता बोलता शब्द अडखळले, हातातलं पेन गळून पडलं, आणि ती उजव्या बाजूला कलंडली.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा तिला आत नेलं होतं. भावजी कुर्डुवाडीहून मिळेल त्या गाडीनं निघाले होते. मेंदूत गुठळी झाली होती. जीव वाचला. उजवा हात आणि पाय गेले, वाचा गेली आणि गिळणंही गेलं. नाकातून पोटात नळी घातली. जिनं आयुष्यात कधी ताटात शीत टाकलं नाही, तिला मोजून दुधासारखं काहीतरी पांढरं नळीतून सोडायचे.

भेटायला येणारे बाहेरच्या बाकावर बसून एकच बोलायचे. "एवढा व्यायाम करायच्या, तरी?" कुणी म्हणायचं, "ह्या वयात सायकल म्हणजे जरा अतीच." अक्काच्या नणंदेनं तर मला तोंडावर विचारलं, "तूच नेत होतीस ना गं तिला?" भावजी तिथंच उभे होते. ते कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी म्हणाले, "ताई, ह्या दोघी जायच्या ना, ती हिची सगळ्यात सुखाची वर्षं होती. त्याला नावं ठेवू नका." नंतर मी डॉक्टरांना विचारलंच. ते म्हणाले, "त्यांचं हृदय चांगलं होतं म्हणून त्या एवढ्यातून निभावल्या. साखर जुनी होती, बीपी मधेच वाढलं असेल. सायकलचा काही दोष नाही." मी ते ऐकलं, पण मनाला पटायला फार दिवस गेले.

तिसऱ्या आठवड्यात वाचा थोडी आली. बोलायला शिकवणारी मुलगी चित्रांची कार्डं घेऊन यायची. पेल्याचं चित्र दाखवून म्हणायची, "मावशी, हे काय? पा… पा…" अक्का घामाघूम व्हायची, ओठ हलवायची, शब्द यायचा नाही. एके दिवशी मुलगी कार्डं आवरत होती, तेव्हा अक्का एकदम स्पष्ट म्हणाली, "नीरु."

मुलीला वाटलं, नुसता आवाज आहे. मी खुर्चीतून उठले. नीरु म्हणजे पाणी. तिची मराठी गेली होती. बँकेतली, शाळेतली, नवऱ्याशी बोलायची, मुलीला अंगाई म्हणायची, ती सगळी. दुधनीच्या चुलीपुढची कानडी तेवढी राहिली होती. तीही पाच-सहा शब्दांची. नीरु, साकु, बेड. पाणी, पुरे, नको.

भाची पुण्याहून आली होती. तिनं विचारलं, "आई, मी कोण?" अक्कानं तिच्या गालावर डावा हात फिरवला आणि काहीतरी म्हणाली. भाचीनं माझ्याकडं बघितलं. "मावशी, काय म्हणाली?"

"मगळु म्हणाली. मुलगी."

भाची बाहेर जाऊन रडली. स्वतःच्या आईचं बोलणं तिला दुसऱ्याकडून समजून घ्यावं लागत होतं.

भावजींनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. रोज संध्याकाळी माझ्याकडून दोन शब्द शिकून घ्यायचे, तोंडातल्या तोंडात घोकत घरी जायचे. "नीरु बेकेनु?" असं ते पहिल्यांदा म्हणाले, पाणी हवंय का, तेव्हा अक्का त्यांच्याकडं बघत राहिली आणि तिच्या तोंडाच्या एका बाजूला हसू आलं. दुसरी बाजू हलायची नाही.

आता आमचा व्यायाम नवा होता. पलंगावरून उठून बसणं, धरून उभं राहणं, पलंगापासून दारापर्यंत पाय ओढत जाणं. ती तेवढ्यानं धापा टाकायची. मी म्हणायचे, "अक्का, अजून एकदा." ती म्हणायची, "साकु." तरी एकदा जास्त जायचीच. नळी निघाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, पातळ देऊ नका, ठसका लागेल, सगळं घट्टसर वाटून द्या. मी वरण-भात वाटला, भाजी वाटली. सगळ्याची चव एकच लागायची. तीन-चार चमचे झाले की ती तोंड मिटायची.

एक दिवस ती खिडकीकडं हात करून म्हणाली, "होगोण." चल, जाऊ. कुठं, ते विचारावं लागलं नाही. अव्वाला गुडघ्यामुळं प्रवास होत नव्हता. दवाखान्यात एकदा येऊन गेली होती तेवढीच.

माझ्या नवऱ्यानं गाडी काढली. अक्काला पुढच्या सीटवर उशा लावून बसवलं. अक्कलकोट मागं पडलं आणि तुरीची रानं लागली तशी ती काचेला कपाळ टेकून बघत राहिली. मी मागून तिचा खांदा धरला होता. त्या रस्त्याचा प्रत्येक चढ माझ्या पायांना ठाऊक होता. गाडीत तो कळतसुद्धा नव्हता.

अव्वा दारात उभी होती. तिनं लेकीला उचलून आत आणताना बघितलं आणि पदर तोंडाशी धरला. मग पदर खोचला आणि आत गेली. तिनं हुग्गी केली होती. मी म्हटलं, "अव्वा, तिला तसं चालत नाही. वाटून लागतं." ती म्हणाली, "मला सांगतीस व्हय? तुमा दोगींना दात न्हवते तवा कोन भरवलं?" तिनं पाट्यावर हुग्गी अगदी लोण्यासारखी वाटली, आणि चमचा बाजूला सारून बोटानं अक्काच्या जिभेवर ठेवली.

अक्कानं डोळे मिटले. गळा हलला. ठसका लागला नाही.

"इन्न स्वल्प," ती म्हणाली. अजून थोडं.

अव्वा भरवत राहिली. वाटी संपली. आजारपणात अक्कानं अजून थोडं मागितलं ते त्या एकाच दिवशी. परत निघताना अव्वानं तिच्या केसांना तेल लावून घट्ट वेणी घातली.

पावसाळा संपता संपता तिला दुसरा झटका आला आणि तीन दिवसांत ती गेली. शेवटी तिच्याजवळ भावजी होते. अव्वाला सांगायला मी गेले. मी काही बोलायच्या आधीच तिला कळलं. ती रडली नाही. माझा हात धरून म्हणाली, "मी ऱ्हायले, ती गेली. हे उलटं झालं की गं."

आता सव्वा वर्ष होत आलंय. अव्वानं गोड करणं सोडलंय. भावजी एकटे राहतात. दर संध्याकाळी अव्वाला फोन करतात आणि मोडक्या कानडीत जेवलात का विचारतात. ती त्यांचं व्याकरण सुधारते. दोघांचं बोलणं दोन मिनिटांत संपतं, पण फोन चुकत नाही.

माझीही साखर काठावर आली आहे. मी चालते. कधी जमतं, कधी आठवडा बुडतो, आणि बुडाला तर विचारायला कुणी नसतं. परवा पहाटे खाली उतरले, थंडी होती, कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत फिरले. घरी येऊन तवा ठेवला. नवऱ्यानं विचारलं, "आज लवकर आलीस?" मी हो म्हटलं आणि भाकरी उलटली.