अस्वलाची गोळी

शिलाई मशीनला तेल घातलं आणि त्या वासाने मी नव्वदच्या दशकातल्या जपानमध्ये, होक्काइदोत, आमच्या घरमालकांच्या स्वयंपाकघरात पोचले. मक्याच्या शेतात अस्वल शिरलं होतं. घरमालक मोरीसान शिकारी. नुकतंच बंदुकीला तेल देऊन ते निघायच्या तयारीत होते. सोबत माझा संशोधक नवरा.

टेबलावर दोन प्रकारच्या गोळ्या होत्या.

"ही हरणासाठी. अस्वलाच्या हाडावर हिचे तुकडे होतात," मोरीसान म्हणाले. "या दुसरीतलं शिसं तांब्याच्या कवचाला घट्ट जोडलेलं असतं. ही न फुटता खोल जाते."

"आणि फुटली तर?" मी विचारलं.

"जखमी अस्वल उलटून अंगावर येतं."

त्यांनी दुसऱ्या गोळ्या उचलल्या. त्यांची बायको पाठमोरी, निवांत तांदूळ धूत होती. बाई आहे की दगड, मला वाटलं.

दोघे सुखरूप परतले. पण आज आठवलं, भांड्यातलं पाणी केव्हाच नितळ झालं होतं, तरी ती तांदूळ धूतच होती.