सुनीता घागचा विषाणू

सुनीता गेली हे कळलं तेव्हा मी माजिवड्याला रिक्षात अडकले होते. तिच्या भावाचा, विलासचा फोन. "ताई, सुनी गेली... सकाळी चहा ठेवला आणि बसली ती बसलीच." डोंबिवलीला तिच्या घरी पोहोचले तोवर तिला न्यायची तयारी झाली होती. मला रडू आलं नाही. राग आला, आणि काही आठवडे उलटले तरी तो तसाच आहे. हा लेख गोड होणार नाही, आधीच सांगते.

ठाण्यातल्या एका संशोधन संस्थेत आम्ही शेजारशेजारच्या प्रयोगशाळांत उमेदीची सगळी वर्षं काढली. सुनीताचं काम ऐकून लोक नाक मुरडायचे. मक्यावर पडते ना लष्करी अळी, तिच्या पेशी ती बाटल्यांमध्ये वाढवायची. मग अळ्यांना मारणाऱ्या एका विषाणूत माणसाच्या उपयोगाच्या प्रथिनाचं जनुक बसवायची आणि तो विषाणू त्या पेशींवर सोडायची. मरता मरता पेशी ते प्रथिन बनवून देतात. तिच्या प्रथिनावर डेंग्यूच्या तपासणीचं एक किट उभं राहिलं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी टम्म फुगलेल्या दिसल्या की मला हाक मारायची, "अगं ये, बघ, लागण झाली!" घरात पाळणा हलावा तसा आनंद व्हायचा तिला.

तो विषाणू जमेपर्यंत तिचे किती प्रयत्न फुकट गेले ते मी पाहिलंय. शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यावर तिच्या विभागप्रमुखांचं नाव होतं, त्यांच्या दोन लाडक्यांचं होतं, तिचं नव्हतं. त्यांनी तिचं नाव लिहिलं नाही, म्हणून मीही इथे त्यांचं लिहिणार नाही, नुसतं 'साहेब' म्हणेन.

सुनीताचा एक नेम होता. दर खेपेला ती अगदी सुरुवातीच्या साठ्यातलाच विषाणू काढायची. साहेबांना ही उधळपट्टी वाटे. मागच्या खेपेत उरलेला विषाणूच पुढच्या पेशींवर घाला, असा त्यांचा आग्रह. "विरजणच आहे हो ते. कालच्या दह्यातून आजचं दही." सुनीताने भर मीटिंगमध्ये सांगितलं, "सर, हे विरजण नाही. असं करत गेलात की अर्धवट विषाणू माजतात. ते वाढतात, पण प्रथिन बनवत नाहीत." लगेच तिची बदली खरेदी विभागात झाली. हातमोजे आणि बाटल्या मागवायला! तिथेही ती नेटकं काम करायची, याचाच मला जास्त संताप यायचा. "भांड ना त्यांच्याशी," मी म्हणायचे. "प्रथिन बंद पडलं की बोलावतील गं," ती म्हणायची. बोलावणं यायच्या आत ती गेली.

शोकसभेत साहेब म्हणाले, "सुनीताबाई आमच्या लॅबच्या चांगल्या मदतनीस होत्या." मदतनीस! मी उठून काही बोलले नाही, कारण पुढच्या रांगेत तिची आई बसली होती.

मग एके दिवशी साहेबांचा फोन आला. "मॅडम, प्रथिनच बनत नाहीये. किटवाले मागे लागलेत. तिने पहिला साठा कुठे ठेवलाय, तुम्हाला ठाऊक असेल."

"ठाऊक आहे. आधी सगळ्यांना बोलावून सांगा, हा विषाणू कुणी बनवला."

"आता गेलेल्या माणसाचं नाव घेऊन कुणाला काय मिळणार?"

मी फोन ठेवला. खूप बरं वाटलं. काही दिवस त्यांची तडफड डोळ्यांसमोर आणून मजेत जेवले. पण किट अडलं की अडतात तापाने फणफणलेली माणसं, आणि सुनीताने त्यासाठी मला सोडलं नसतं. म्हणून सांगते... पण त्यांच्या कानात नाही. इथे, या पुरवणीत, तुम्हा सगळ्यांदेखत.

तळमजल्यावरच्या जुन्या फ्रीजरमध्ये, सगळ्यात खालच्या खणात एक निळा डबा आहे. त्यात चंदेरी कागदात गुंडाळलेल्या नळ्या आहेत, कारण त्या विषाणूला उजेड सोसत नाही. इतरांच्याही नळ्या त्याच डब्यात, बाहेरून सगळ्या सारख्या. एकेक कागद सोलावा लागेल, बोटं गारठतील. विषाणूच्या नळीवर तो बनवणाऱ्याचं पूर्ण नाव घालायचं, असा आमच्याकडे रिवाज आहे. तिच्या टपोऱ्या अक्षरात ते तिथे आहे. ते वाचल्याशिवाय हवी ती नळी हाताला लागणार नाही.

मोठ्याने वाचा, साहेब.