वहिनीच्या चाकातली हवा

दादानं आतून हाक मारली तेव्हा मी त्याच्याच अंगणात हातात पंप धरून उभी होते. वहिनीची सायकल कित्येक महिने भिंतीला टेकून होती, दोन्ही चाकं बसलेली. आदल्या दिवशीच आम्ही वहिनीला नागपूरहून पुसदला घरी आणलं होतं. डॉक्टर 'आता घरी न्या' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, हे मला कळत नव्हतं असं थोडंच आहे! पण आशा वेडी असते. खिडकीतून तिची नजर गेलीच, तर चाकं फुगलेली दिसावीत, एवढंच डोक्यात होतं. मागचं चाक झालं होतं, पुढचं होत आलं होतं, आणि आतून दादाचा आवाज आला, "शोभा... ये व." त्या आवाजातच सगळं आलं. तरी मी पुढच्या चाकाची हवा पुरी केली, टोपण घट्ट फिरवलं आणि मगच आत गेले. का, ते विचारू नका. आत जाईपर्यंत ती आहे, असं काहीतरी मनानं धरलं असेल.

या गोष्टीला आता दीड महिना होईल. भेटायला येणारं प्रत्येक माणूस एकच सांगून गेलं, "सुटली बिचारी." सुटली म्हणे! कशातून सुटली? तिला सुटायचं नव्हतं. तिला पैनगंगेवर जायचं होतं, सायकलनं, माझ्या मागून. हे कोणाला सांगावं? सांगितलं तर म्हणतील, म्हातारीचं डोकं फिरलं. म्हणून इथे लिहिते आहे.

कुमुदवहिनी माझ्या मोठ्या भावाची बायको. माहेर नेरचं. पुसदच्या एका कचेरीत तिनं सारी नोकरी काढली, आणि मी शाळेत. घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, तरी कितीतरी वर्षं आमचं नातं सणावारापुरतंच होतं. "शोभाबाई, चहा घेता का?" "घेते ना वहिनी." संपलं! मग दोघी निवृत्त झालो, आणि तिचा मुलगा नोकरीसाठी पुण्याला जाताना आपली गिअरची सायकल घरी टाकून गेला. नेरला असताना वहिनी वडिलांच्या सायकलवर शाळेत जायची म्हणे. लग्न झालं आणि सायकल सुटली. एका सकाळी ती सलवार-कमीज घालून, डोक्यावर मुलाचं हेल्मेट चढवून माझ्या दारात उभी! मी म्हटलं, "हे काय व वहिनी?" तर म्हणते, "तुमच्या बहिणीच्या पोरीची सायकल तुमच्याकडं पडून आहे ना? काढा. पाहून काय राह्यल्या?" माझी आई तेव्हा होती. ती ओरडली, "लोकं काय म्हणतील?" वहिनी शांतपणे म्हणाली, "आई, आम्ही जातो तिकडं लोकंच नाहीत."

आणि खरंच नसायचे. पुसदच्या चारी बाजूंनी डोंगर आहेत हे जन्मभर पाहिलं होतं, पण त्या डोंगरांतून इतके निवांत डांबरी रस्ते जातात हे मला तिनं दाखवलं. मोठा रस्ता सोडून आत वळलं की ट्रकचे हॉर्न मागे राहायचे. दोन्हीकडे साग, मधे मधे मोह, धावडा, एखादा तांडा, मग पुन्हा जंगल. चढावर आपलाच श्वास ऐकू येई, उतारावर चाकांची सरसर. एखादी बाई डोक्यावर सरपण घेऊन थांबायची, "कुठी चालल्या माय?" वहिनी म्हणायची, "कुठीच नाही व, फिरून राह्यलो." ती बाई हसायची, आम्हीही हसायचो. गावातलं शेवटचं घर मागे पडलं की वहिनी मला 'शोभाबाई' म्हणणं सोडून द्यायची. तिथून पुढे मी 'शोभे' असायची. परत येताना तेच घर आलं की पुन्हा 'शोभाबाई'. हे आमचं कधी ठरलं नव्हतं, आणि आम्ही त्याबद्दल कधी बोललोही नाही.

ती कायम पुढे, मी मागे. मागे वळून पाहिलं की तोल जातो, म्हणून ती हातानं सांगायची. उजवा हात खाली सोडून बोट जमिनीकडे केलं, की खड्डा. पंजा पसरून हलवला, की गिट्टी. मूठ वर, की थांब. मी डोळे मिटून त्या हातावर भरवसा टाकायचे. मला आता तिचा चेहरा आठवायला वेळ लागतो, पण पाठ लगेच दिसते... घामानं चिकटलेली ओढणी, आणि तो खाली सुटलेला हात. एकदा मी कुरकुरले, "मले काहून पुढे जाऊ देत नाहीस? जन्मभर तुझी पाठच पाहू का?" ती म्हणाली, "तुले खड्डे दिसतात कुठं? तू झाडं पाहत जाते." मग थोड्या वेळानं, पुढे पाहतच म्हणाली, "पैनगंगेले जाऊ ना, त्या दिवशी तू पुढं. मी येईन मागून. तू हात दाखवजो."

पैनगंगेचं आमचं असं होतं, की आम्ही तिच्यापर्यंत कधी पोचलोच नाही. जंगलातल्या त्या रस्त्यावर एक वाकडा मोह आहे. तिथून पुढे उतार लागतो आणि उताराच्या तळाशी नदी. पण मोहापाशी येईस्तोवर ऊन चढलेलं असायचं, आणि घरी आईच्या गोळ्या, दादाचं जेवण, काही ना काही वाट पाहत असायचं. वहिनी मूठ वर करायची. आम्ही पाणी प्यायचो, उताराकडे पाहायचो आणि वळायचो. नदी कुठे पळून जाते! मग आई गेली. दुःख झालंच, पण वर्षश्राद्ध उरकल्यावर वहिनी हळूच म्हणाली, "आता दिवसभर गेलो तरी चालते, शोभे." पावसाळा संपला की जायचं ठरलं. पावसाळा संपला आणि तिला खोकला लागला. साधा खोकला म्हणून आम्ही काढे पाजत बसलो, आणि एक्सरे काढला तेव्हा फुप्फुसात भलतंच निघालं. पुढचं सगळं नागपूर, सुया, उलट्या. त्यातलं मी काही लिहिणार नाही. ते लक्षात ठेवायच्या लायकीचं नाही.

एक मात्र लिहिते. नागपूरहून तिला आणताना दादा ड्रायव्हरशेजारी बसला होता आणि मी मागे, तिच्या पायाशी. तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, बोलणं बंद झालं होतं, डोळे मिटलेले. कळंब गेलं, यवतमाळ गेलं. दिग्रस सोडल्यावर गाडी एका खड्ड्यात आदळली. वहिनीचा उजवा हात स्ट्रेचरवरून खाली सुटला आणि बोट जमिनीकडे झालं. मला वाटलं, धक्क्यानं पडला असेल. मी तो उचलून पांघरुणात ठेवला. पुढचा खड्डा आला, पुन्हा हात खाली, पुन्हा बोट. तिचं डोकं गाडीच्या पुढच्या बाजूला होतं आणि मी तिच्या मागे बसले होते. ती पुढे, मी मागे. आमच्या नेहमीच्याच जागा! पुसद येईपर्यंत ती मला खड्डे दाखवत होती. मी ओरडून म्हणत होते, "दिसला व वहिनी, दिसला." दादा काचेतून मागे वळून पाहत होता. त्याला काय कळणार! त्या बाईचा जीव चालला होता आणि तिला माझ्या चाकाची काळजी पडली होती.

मागच्या आठवड्यात मी गेले. एकटीच. पळस नुसता पेटला आहे सध्या, रस्ताभर फुलं पडली आहेत, आणि मला त्यांचा राग येत होता. शेवटचं घर मागे पडलं. कोणी 'शोभे' म्हटलं नाही. हेच रस्ते शांत म्हणून आम्ही शोधून काढले होते. आता ती शांतता खायला उठते. वाकड्या मोहापाशी थांबले नाही. थांबले असते तर वळले असते. तशीच उताराला लागले. खाली झाडांमधून पाणी चमकताना दिसलं. पैनगंगा. आणि समोर एक खड्डा आला. माझा उजवा हात आपोआप सुटला, बोट जमिनीकडे झालं, आणि मी मोठ्यानं ओरडले, "खड्डा हाय व वहिनी!"

ब्रेक दाबून उभी राहिले. मागे वळून पाहिलं. रस्ता वरपर्यंत रिकामा होता. जन्मात पहिल्यांदा मी पुढे होते, हात बरोबर दाखवला होता, खड्डाही बरोबर ओळखला होता... आणि पाहायला मागे ती नव्हती. नदी दोन ढांगांवर होती. मी नाही गेले. तिच्याशिवाय पोचून मी तिथे काय करणार होते? सायकल वळवली, चढ हातानं ढकलत आले.

दादा अंगणातच बसला होता. "पोचली का नदीवर?" म्हणाला. मी नाही म्हणून मान हलवली. मग बोलायचं म्हणून म्हणाला, "हिच्या सायकलीची हवा कमी होऊन राह्यली. भरून ठेवू का?" आणि पंपाला हात घातला. मी त्या बिचाऱ्यावर अशी खेकसले, "हात लावू नको! खबरदार!" तो घाबरून माझ्याकडे पाहत राहिला. त्याला कसं सांगू, की त्या चाकांत भरलेली हवा ती घरात श्वास घेत होती तेव्हाची आहे? नवी भरली की ती जाईल.

वहिनी गेली तेव्हापासून रोज त्यांच्या घरी जाते आणि पुढचं चाक अंगठ्यानं दाबून पाहते. सुरुवातीला दगडासारखं होतं. मग जरा मऊ लागायला लागलं. काल दाबलं, तर अंगठा थेट आत गेला.