आईची सायकल आणि वडिलांची सुट्टी

मंडळी, आज सकाळी सुनेला स्कूटर शिकवताना माझा आवाज चढला आणि एकदम आई आठवली.

साठच्या दशकात, लोणंदजवळच्या आमच्या गावी, फौजेतून सुट्टीवर आलेले वडील आईला सायकल शिकवत होते. ती सारखी पडायची. एकदा वडील वैतागले, "किती येळा सांगू? समोर बघ की."

लुगडं झटकत आई म्हणाली, "आवं, फौजेतली नवी पोरं एका दिवसात शिकत्यात व्हय?"

वडील हसत सुटले. मग ती पडली की तेही शेजारी धुळीत बसायचे.

सुट्टी संपली तेव्हा आईनंच त्यांना डबलसीट स्टेशनवर सोडलं. मागं वळकटी पोटाशी धरून आमचे जवान.

हे ऐकून सून हसली. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तुम्ही शिकताना असं कोण तुमच्याजवळ बसलं होतं?